आधी लाकूड बघा, काडतुसं नंतर

भाऊ, वडिलांच्या .३१५ रायफलची गोळी दोन-तीन बारांनंतर वर सरकते म्हणून घरीच काडतुसं भरायचं म्हणताय, ते राहू द्या. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे त्यालाही परवाना लागतो. वरणगावची काडतुसांची सरकारी फॅक्टरी जवळ आहे म्हणून आपल्याला सूट नाही!

माझा संशय रायफलच्या लाकडावर, म्हणजे नळी ज्यात बसते त्या दस्त्यावर. पावसाळ्यात ते फुगतं, नळीला एका अंगाने दाबतं, नळी तापली की मार हलतो. रायफल रिकामी करून खालचे स्क्रू ढिले झालेत का बघा. नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली धरा, नेम बिघडायला बारीक टवकाही पुरतो. मग गोळ्यांचं नळीत चिकटलेलं तांबं सॉल्व्हंटने काढा, चिंधीवर हिरवट-निळा डाग यायचा थांबेपर्यंत. नेम तपासताना ज्वारीच्या पोत्यावर लाकूड टेकवा, नळी नको. आणि काडतुसं एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली.