भावकीचा तंटा पंचांपुढं की कोर्टात?

खानापूरकर: काल एका ताईंनी इथं लिहिलं, "पंच म्हणजे गावातल्या दांडग्यांची बैठक, सरळ कोर्टात जा." वाचून राहवलं नाही. हातभर बांधासाठी आमचा दावा अकरा वर्षं चालला. ऐन रोप लावणीत पहिली बस धरायची आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. अपील धारवाडच्या हायकोर्टापर्यंत जाईल म्हटल्यावर वडील खचले. शेवटी मिटलं देवळाच्या मंडपात. दोन म्हातारे दोरी घेऊन बांधावरनं चालले, करवंदीच्या जाळीत जुना खुणेचा दगड निघाला, तिथंच दोन्ही घरांनी भंडारा उचलून शपथ घेतली. पलीकडं महाराष्ट्रात, चंदगडला २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आली. आपल्याकडं कर्नाटकात असं काही का नको?

निपाणीची लेक: ती ताई मीच. वडिलांचं बारावं झालं आणि आमच्या सोप्यात पाच पंच बसले. पाचही पुरुष, भावाच्या उठण्याबसण्यातले. मी आत चहा करत होते. कपबश्या उचलायला आले तर कागद पुढं केला, "सही कर, माहेर तुटायला नको." हक्कसोड होती, म्हणजे माझा वाटा सोडल्याचा कागद. दुसऱ्या दिवशी नोंदणीही झाली. मुलीला समान वाटा कर्नाटकानं १९९४ ला दिला, देशानं २००५ ला. एका पंचानं तरी तोंडातनं काढलं का? आणि कागद कन्नडमध्ये. मला ओळही वाचता येत नव्हती.

येळ्ळूरवाला: हेच मूळ दुखणं! उतारा कन्नड, नोटीस कन्नड. १५ टक्के अल्पभाषिक असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यायचे असं ठरलंय, देतंय कोण? सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. आधी तो सुटू दे.

अथणीचा शेतकरी: प्रत्येक गोष्टीत सीमाप्रश्न घुसडू नका हो. आमच्या पाटाच्या पाळीचा तंटा मिटवणाऱ्यांत तिघं कन्नड होते. अर्धी रात्र दोन्ही भाषांत भांडलो, पण पाणी सुटलं.

येळ्ळूरवाला: तुम्हाला कन्नड वाचता येतं म्हणून हे सुचतंय. आमच्या आईनं कुठं जायचं?

अथणीचा शेतकरी: आईला पुढं करू नका. शिका म्हटलं तर राग येतो.

चिकोडीचा वकील: दोघंही थांबा. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीला दोन्ही बाजूंची आधी संमती आणि तिघांचं मंडळ लागतं. तरी त्या समझोत्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ नाही. लोकअदालतीच्या निवाड्याला ते आहे, कोर्ट फी परत मिळते, मात्र अपील नाही. म्हणून सहीआधी कागद वाचून घ्या. ताई, फसवून सही घेतली असेल तर दस्त रद्द करायचा दावा होतो, पण मुदत असते.

खानापूरकर: पंचांत बाई हवी आणि कागद दोन्ही भाषांत हवा, एवढं मानतो. पण "सरळ कोर्टात जा" हे मानणार नाही. आमच्या वडिलांना निकाल बघायला मिळाला नसता.

निपाणीची लेक: दावा मी मुदतीत घातलाय. तारखेला भाऊही येतो. परतीची बस एकच, तो पुढं बसतो, मी मागं. पंच पुन्हा बसणार असतील तर येईन. पण सोप्यात, त्यांच्या बरोबरीनं बसेन. चहा दुसऱ्या कुणीतरी करावा.