न्यू जर्सी हायस्कूल: मार्चिंग बँड आणि क्रॉस-कंट्री एकाच सीझनला जमतं का?

शेवंती:
लेक सप्टेंबरमध्ये नववीत जाईल. मध्य न्यू जर्सी, सबर्बमधली पब्लिक शाळा. क्लॅरिनेट चौथीपासून वाजवते, क्रॉस-कंट्री मिडल स्कूलपासून पळते, आणि दोन्हीतलं काहीच सोडायचं नाही म्हणतेय. बँड कँप ऑगस्टमध्ये दोन आठवडे, सकाळी ९ ते ५. क्रॉस-कंट्रीचा सरावही ऑगस्टमध्येच सुरू. दोन्ही खरंच एकत्र होतं का, की नुसतंच 'मॅनेज होईल' असं सांगतात? फिजिकलचा (खेळाआधीच्या वैद्यकीय तपासणीचा) फॉर्म कधी नि कुणाकडून भरून घ्यायचा? बँडमुळे जीपीए (ग्रेडची सरासरी) खाली येतो असं ऐकलं, ते कितपत खरं? खर्चाचाही अंदाज हवाय. बँड केला की पीई (शारीरिक शिक्षण) माफ होतं म्हणे, ते खरं का?

घामाघूम:
होतं, पण कोणाशी काय बोलायचं हे कळण्यासाठी आधी क्रॉस-कंट्रीचा स्कोअर समजून घ्या. व्हर्सिटी (मुख्य संघाच्या) शर्यतीत एका शाळेचे सात जण पळतात. पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज म्हणजे संघाचा स्कोअर. ज्याची बेरीज कमी तो जिंकला. सहावा-सातवा स्वतः स्कोअर करत नाहीत, पण समोरच्या संघाच्या पाचव्याच्या पुढे आले तर त्याला मागे ढकलतात. बाकी सगळे जेव्ही (ज्युनियर व्हर्सिटी, म्हणजे दुसरी फळी) किंवा फ्रेशमनच्या (नववीच्या) शर्यतीत. बहुतेक शाळांत हा नो-कट खेळ आहे, म्हणजे ट्रायआउट देऊन घरी पाठवत नाहीत. त्यामुळे नववीतली मुलगी जेव्हीला असेल तर तिच्या एखाद्या गैरहजेरीने संघाचं काही बिघडत नाही. कोच पटकन हो म्हणतात ते म्हणूनच. ती पहिल्या सातांत आली की मात्र हा होकार विरघळतो.

वेळांची खरी ओढाताण सप्टेंबरात नसते. आठवड्यातल्या मीट्स (शर्यती) दुपारी चारच्या सुमारास, मोठ्या इन्व्हिटेशनल शनिवारी सकाळी. बँडच्या स्पर्धा शनिवारी दुपारनंतर, बऱ्याचदा रात्री. कागदावर दोन्ही बसतं. अडचण ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत: तिकडे काउंटी, सेक्शनल, ग्रुप अशा एकेक पातळीच्या शर्यती आणि शेवटी होल्मडेल पार्कातली मीट ऑफ चॅम्पियन्स, इकडे बँडच्या चॅम्पियनशिप्स. दोन्ही कॅलेंडरं छापून शेजारी ठेवा आणि फक्त ते तीन आठवडे बघा. बाकीचं आपोआप सुटतं.

फिजिकलबद्दल. न्यू जर्सीत तपासणी ३६५ दिवस चालते, पण पहिल्या सरावाच्या ९० दिवसांहून आधी झाली असेल तर वेगळा हेल्थ हिस्टरी अपडेट फॉर्म पालकांनी भरायचा असतो. हा विसरल्यामुळे दरवर्षी काही मुलं पहिल्या दिवशी बाकावर बसतात. फॉर्म नेहमीच्या डॉक्टरांकडूनच भरून घ्या. इथे सही करणाऱ्या डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर किंवा पीएने (फिजिशियन असिस्टंटने) विद्यार्थी खेळाडूंच्या हृदयतपासणीचं राज्याचं प्रशिक्षण पूर्ण केलेलं असावं लागतं आणि तसं फॉर्मवर लिहून द्यावं लागतं. अर्जंट केअरमधून आणलेला फॉर्म परत येतो तो बऱ्याचदा याच रकान्यामुळे. सुट्टीत भारतात करून आणलेलं सर्टिफिकेट चालत नाही. त्यानंतर शाळेचे डॉक्टर तो बघून लेखी मंजुरी देतात. जुलैअखेर गठ्ठा साचतो, म्हणून जूनमध्येच देऊन टाका. आणि वार्षिक तपासणी मेमध्ये असेल तर त्याच भेटीत फॉर्म पुढे करा, कारण बरेच इन्शुरन्स वर्षातून एकच वेल व्हिजिट देतात.

सूरपेटी:
घामाघूम यांच्या हिशेबाची दुसरी बाजू मांडते. क्रॉस-कंट्रीत विसावी धावपटू नसली तरी चालतं. मार्चिंग बँडमध्ये विसावं क्लॅरिनेट नसेल तर मैदानावर भोक दिसतं.

प्रत्येकाला शोच्या प्रत्येक सेटसाठी (रचनेसाठी) फुटबॉलच्या मैदानावर स्वतःचा डॉट, म्हणजे उभं राहायची जागा, असते. ती असं लिहितात: पहिली बाजू, ३५ यार्डांच्या रेषेच्या २ पावलं बाहेर, पुढच्या हॅशच्या (मैदानावरच्या खुणांच्या ओळीच्या) ४ पावलं मागे; 'आत' म्हणजे मधल्या ५० च्या रेषेकडे, 'बाहेर' म्हणजे तिच्यापासून लांब. पाऊल म्हणजे 'आठाला पाच': ५ यार्डांत ८ पावलं, प्रत्येक २२.५ इंचांचं. पुढचा सेट त्याच बाजूला, ४५ च्या २ पावलं आत, आणि मधे १६ काउंट (ठोके). मोजा: २ अधिक १६ अधिक २, म्हणजे २० पावलांचं अंतर १६ काउंटांत. आता पाऊल साधारण २८ इंचांचं. एवढ्या लांब ढांगा टाकताना कमरेच्या वरचं अंग प्रेक्षकांकडे वळवून धरायचं, टाचेवरून बोटांवर पाय रोल करायचा, आणि पाठ केलेलं संगीत वाजवायचं. पाय आपटला की माउथपीस दातांवर बसतो आणि सूर फाटतो. ही सवय फक्त कँपमध्ये लागते. असे कितीतरी सेट दोन आठवड्यांत बसवतात, म्हणून डिरेक्टर कँपच्या बाबतीत ढिले सोडत नाहीत. त्यांच्याशी कँपवर घासाघीस करू नका, आठवड्यातल्या सरावांवर करा.

मागायचं काय, तर लेखी नियम. चांगल्या शाळांत तो आधीच असतो: सादरीकरण किंवा शर्यत विरुद्ध सराव असेल तर सादरीकरण जिंकतं, सराव विरुद्ध सराव असेल तर आठवडा वाटून, शर्यत विरुद्ध स्पर्धा असेल तर जी वरच्या पातळीची ती. दोघांना एकाच ईमेलमध्ये घेऊन मे-जूनमध्येच विचारा. मुलीने स्वतः लिहिलेलं बरं, तुम्ही सीसीत राहा. डिरेक्टर नाहीच म्हणाले तर नववीत अल्टरनेट म्हणून राहता येतं का ते विचारा. सराव सगळा होतो, डॉट दुसऱ्याच्या नावावर असतो. नाहीतर फॉलमध्ये बँड आणि धावणं विंटर व स्प्रिंग ट्रॅकला. पळणारी मुलगी यात फारसं गमावत नाही असं माझं मत.

आणखी एक. मार्चिंग सीझन नोव्हेंबरात संपतो, संगीत नाही. विंड एन्सेम्बल, सिम्फॉनिक बँड हे बसून वाजवायचे बँड ही खरी वाढीची जागा. मध्य जर्सीवाल्यांची रीजन टूच्या बँडची ऑडिशन जानेवारीच्या सुमारास असते: स्केल्स पाठ, ठरवून दिलेला सोलो आणि साइट-रीडिंग. ज्या मुलांचा सगळा फॉल मैदानात जातो ती डिसेंबरात सोलो उघडतात आणि आपटतात. सप्टेंबरपासून रोज वीस मिनिटं सोलोला द्यायलाच हवीत.

हिशेबनीस:
जीपीएचं गणित घ्या. समजा अकरावीत पाच एपी (कॉलेज पातळीचे कोर्स), सगळ्यांत ए, म्हणजे ५.० प्रमाणे २५. त्यात बँड, साधा कोर्स, ४.०. एकूण २९ भागिले ६, म्हणजे ४.८३. बँडऐवजी ग्रेड नसलेला स्टडी हॉल (स्वतः अभ्यास करायचा तास) घेतला तर ५.०. तर हो, वेटेड (कठीण कोर्सना जादा वजन देणारा) आकडा खाली येतो. पण अनवेटेडला काही होत नाही, अनेक शाळा आता रँक देतच नाहीत, आणि बरीच कॉलेजं जीपीए स्वतःच्या पद्धतीने पुन्हा काढतात. काउन्सेलरला दोन प्रश्न विचारा: बँडला ऑनर्सचा पर्याय आहे का (असला तर बहुधा वरच्या वर्गांत, जादा सोलो किंवा लेखी काम करून), आणि तुमची शाळा वेटेड जीपीएत कला विषय धरते का. आपल्या मंडळींत या ०.१७ वर जेवढी चर्चा होते तेवढी रियाजावर होत नाही, असो.

बँड केला म्हणून पीई आपोआप माफ होत नाही. न्यू जर्सीत हेल्थ-पीई चारही वर्षं घ्यावं लागतं. मार्चिंग बँडच्या बदल्यात पीईचं क्रेडिट मिळतं ते टेक्सासमध्ये. तिथल्या नातेवाइकांचं ऐकून वेळापत्रक आखू नका. बँडमुळे हायस्कूल पूर्ण करायला लागणारी परफॉर्मिंग आर्ट्सची ५ क्रेडिट्स मात्र पहिल्याच वर्षी सुटतात. बँडमध्ये चार वर्षं एक पिरियड अडकतो त्याला उपाय म्हणून सक्तीचा अडीच क्रेडिट्सचा फायनान्शियल लिटरसी कोर्स उन्हाळ्यात ऑनलाइन उरकतात. तुमचा डिस्ट्रिक्ट देतो का ते मार्चमध्येच बघा.

खेळासाठीची पात्रता: नववीत पहिल्या सेमिस्टरला सगळेच पात्र. दुसऱ्या सेमिस्टरसाठी १५ क्रेडिट्स, पुढच्या वर्षासाठी ३०. वर्षभराचा विषय ५ क्रेडिट्सचा, त्यामुळे नियमित मुलांना याची धास्ती नको.

पैसे. बँडची फी शाळेगणिक फार बदलते, काहीशेपासून हजार डॉलरांच्या वरपर्यंत, म्हणून आकडा विचारण्यापेक्षा त्यात काय धरलंय ते विचारा: कँपचे जादा प्रशिक्षक, गणवेशाची धुलाई, बस, स्पर्धांचं जेवण, मार्चिंग शूज, ग्लव्ह्ज. फी भरणं जड जात असेल तर डिरेक्टरला थेट सांगा, सवलतीची सोय बहुतेक ठिकाणी असते. आणि बूस्टर क्लब (बँडसाठी पैसे उभारणारी पालकांची संस्था) 'तुम्ही जेवढी चॉकलेटं विकाल तेवढी तुमची फी कमी' म्हणत असेल तर सावध. ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी, संस्थेला फंडरेझिंगचे पैसे असे कुटुंबाच्या वैयक्तिक खात्यावर जमा करता येत नाहीत. २०१३ मध्ये टॅक्स कोर्टाने याच कारणावरून एका जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबची करसवलत काढून घेणं योग्य ठरवलं होतं. विक्रीचे पैसे सगळ्यांसाठी एकत्रच वापरायला हवेत.

शेवंती:
मनापासून आभार. पीईचं ह्यूस्टनच्या मावशींकडूनच आलं होतं! अजून दोन शंका. तिचं क्लॅरिनेट लाकडी आहे, गेल्याच वर्षी घेतलंय. तेच मार्चिंगला वापरू का? आणि कँपच्या दिवसांत पळायचं कधी?

सूरपेटी:
लाकडी अजिबात नेऊ नका. ऑगस्टचं डांबर, ऑक्टोबरची थंड रात्र आणि आतून गरम ओलसर श्वास, यात ग्रेनॅडिला लाकूड असमान फुगतं-आकसतं आणि वरच्या जॉइंटला तडा जातो, बहुधा ट्रिल कीजच्या भोकांपासून. शाळेकडे प्लॅस्टिकची क्लॅरिनेट्स असतात, तीच मागून घ्या. नसेल तर जुनं प्लॅस्टिकचं विकत घ्या. माउथपीसही घरचा चांगला नको, साधा ठेवा. वेताच्या रीड्स उन्हात वाळून वाकतात, म्हणून मैदानासाठी एक सिंथेटिक रीड आणि आतल्या सरावाला नेहमीच्या. ग्लव्ह्जची बोटं क्लॅरिनेटवाल्यांना कापावी लागतात, भोकं झाकायला उघडी बोटं हवीत. शिंप्याकडे जायची गरज नाही, पहिल्या पेराखाली कापून कडेला दोन टाके घाला म्हणजे उसवत नाही. काळे मोजे पोटरीपर्यंतचेच घ्या, घोटा दिसायला नको.

घामाघूम:
पळणं सकाळी साडेसहाला, कँपच्या आधी, आणि सोपंच. नऊ ते पाच डांबरावर उभं राहणं हेही पायांवर ओझंच आहे. त्यावर संध्याकाळी इंटरव्हल्स केले की आठवड्याभरात नडगीची आतली कड दुखायला लागते. मैल सगळे जुलैत जमवा: आठवड्याला १५ ते २० मैल हळूहळू, मग कँपच्या दोन आठवड्यांत त्याचा अर्धा. वेगाचं काम नंतर. धावायचे बूट कँपला घालू द्यायचे नाहीत. टाचेवरून रोल करून आणि बाजूला सरकून त्यांची कड झिजते. कँपसाठी वेगळे जुने स्नीकर्स.

पाणी एक गॅलनचा जग, त्यावर नाव. टोपी, ओठांनाही सनस्क्रीन, कारण भाजलेल्या ओठांनी क्लॅरिनेट धरता येत नाही. एक गोष्ट मुद्दाम विचारून ठेवा: खेळाडूंच्या सरावाला उष्णतेचे नियम नि ॲथलेटिक ट्रेनर असतात, बँड हा एनजेएसआयएएचा (राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेचा) खेळ नाही. तुमच्या शाळेत बँड कँपला ट्रेनर मैदानावर असतो का, आणि कोणत्या आकड्याला मुलांना आत नेतात? बँडचा मेडिकल फॉर्मही बहुतेक ठिकाणी वेगळा असतो. दम्याचा पंप किंवा एपिपेन असेल तर दोन्हीकडे स्वतंत्र नोंद करा, ॲथलेटिक्सच्या फॉर्मवर दिलं म्हणजे बँड डिरेक्टरपर्यंत पोचतंच असं नाही.