गाळाचं खडकात 'रूपांतर' चालेल का?

शाईदाणी: भूगोलाच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. 'साचलेल्या गाळाचे कालांतराने खडकात रूपांतर होते' असं साधं वाक्य लिहिलं, तर संपादकांनी 'रूपांतर' खोडलं. म्हणे रूपांतरित खडक हा वेगळाच प्रकार, मुलांचा घोळ होईल. समासात 'अश्मीभवन' लिहून पाठवलंय. पण ते तर जीवाश्मांच्या संदर्भात वाचलंय. मग काय लिहू?

मागचा बाक: खोडलं ते बरं केलं. 'शिलीभवन' लिहा. त्यात मुख्य दोन गोष्टी येतात. वरच्या थरांच्या भारानं खालच्या गाळातलं पाणी पिळून निघतं, ते संघनन. ताज्या चिखलात निम्म्याहून जास्त जागा पाण्यानंच अडवलेली असते, त्यामुळे तो भरपूर दबतो आणि त्यातले चपटे कण आडवे होतात. शेलचे, म्हणजे चिखलापासून झालेल्या खडकाचे, पापुद्रे सुटतात ते म्हणून. वाळू एवढी दबत नाही. तिच्या कणांमधल्या फटींतून पाणी झिरपतं, त्यात विरघळलेलं कॅल्साइट, सिलिका किंवा लोहसंयुगं तिथंच साचतात आणि कण सांधले जातात. हे संयोजन. लोह असलं की वालुकाश्म तांबूस दिसतो.

खोडरबर: संघनन म्हणजे वाफेचं पाणी होणं! विज्ञानाच्या तासाला एक आणि भूगोलाच्या तासाला दुसरं, असं पोरांनी लक्षात ठेवायचं?

मागचा बाक: मग 'दृढीभवन' म्हणा.

खोडरबर: 'भवन' लावलं की शास्त्र झालं. 'गाळ दबतो, कण सांधले जातात, दगड तयार होतो.' यात कुठला शब्द अडला? 'सांधणे' तर तुम्हीच वर वापरलंत.

मागचा बाक: वाक्यात चालेल हो. धड्याला शीर्षक काय देणार? सूचीत काय टाकणार? परिभाषा लागतेच.

नऊवारी: गाळाच्या खडकाला हिंदीत 'अवसादी शैल' म्हणतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, खडकाला नैराश्य आलंय की काय!

पोथीवाले: हसू नका, शब्द नेमका आहे. मूळ धातू सद्, म्हणजे बसणे, खाली जाणे. मन बसलं तरी अवसाद, माती बसली तरी अवसाद. लॅटिनमधला 'सेदेरे' याच कुळातला, त्यावरूनच इंग्रजीतलं 'सेडिमेंट' आलं. विषाद, प्रसाद ही इकडची भावंडं. 'प्रसन्न' म्हणजे मुळात निवळलेलं. संस्कृतात पाण्यालाही प्रसन्न म्हणतात. गाळ खाली बसला की वरचं पाणी प्रसन्न!

नऊवारी: व्वा! हे माहीत नव्हतं. मग 'गाळ' कुठून आला? गाळणे वरून?

पोथीवाले: गाळून जे मागं उरतं ते.

खोडरबर: मला तो गळून खाली पडतो तो गाळ वाटतो. नदीच्या तळाशी कुणी गाळणी धरली होती?

पोथीवाले: गाळणे हे गळणेचंच प्रयोजक रूप आहे, भांडण कशावर?

मागचा बाक: गाळाचा खडक, स्तरित खडक, जलजन्य खडक, तिन्ही नावं पुस्तकांत सापडतात आणि तिन्ही कुठं ना कुठं अपुरी पडतात. लाव्हाही थरांवर थर रचतो, तो अग्निजन्य. वाऱ्यानं रचलेल्या टेकड्यांचाही वालुकाश्म होतो, त्यात पाण्यानं काही वाहून आणलेलं नसतं. मला त्यातल्या त्यात 'स्तरित' बरा वाटतो. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हे स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञानं 1669 मध्ये मांडलं ते अशाच खडकांच्या थरांवरून.

शाईदाणी: पुस्तिकेत मिठाच्या खडकाचंही चित्र आहे, त्यालाही 'गाळाचा'च म्हणू ना?

खोडरबर: तो कसला गाळ? मीठ पाण्यात विरघळलेलं होतं, पाणी उडून गेलं, मीठ राहिलं.

मागचा बाक: वर्ग तोच आहे. असल्या गाळाला रासायनिक गाळ म्हणतात, किंवा अवक्षेप.

खोडरबर: झालं, आणखी एक! आपल्याकडे 'साका' आहे की. भांड्याच्या तळाशी बसतो तो.

पोथीवाले: साका मऊ असतो. त्याचा खडक म्हणालात तर कानाला खटकतं.

खोडरबर: गाळ काय कडक असतो?