पूरनिधीच्या उरलेल्या पैशांचं काय करायचं? (सोसायटी ग्रुप, सांगली)

कुलकर्णी (सचिव): नमस्कार. रविवारच्या सभेत राहून गेलेला विषय इथे घेतो. २०२१ च्या पुरानंतर आपण जमवलेल्या निधीतले १८,४०० रुपये अजून खात्यात वेगळे पडून आहेत. ऑडिटर दरवर्षी विचारतात, हे काय म्हणून. पावसाळा तोंडावर आलाय. काय करायचं ते बोला. पार्किंगचा विषय कृपया मध्ये आणू नये.

पाटील ए-१०३: लिफ्टला टाका की. ती बी पूरग्रस्तच हाय.

कुलकर्णी (सचिव): लोकांनी पुरासाठी दिलेत ते पैसे, पाटील. लिफ्टला जाणार नाहीत.

ऋतुजा सी-३०१: काका, यंदा आधीच किट भरून ठेवू या का? तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहा. सोसायटीच्या नावाचा छोटा बॅनर करू आणि वाटप करताना फोटो काढू. गेल्या वेळी मागच्या अपार्टमेंटवाल्यांचं फेसबुकवर केवढं कौतुक झालं होतं.

शिंदे वहिनी बी-२०१: ऋतुजा, किट ठीक आहे गं, पण बॅनर नको. २०१९ ला माझं माहेर गावभागात पाण्याखाली होतं. आई आणि दादा शाळेतल्या छावणीत होते. रांगेत उभं करायचे, पाकीट हातात द्यायचे आणि ‘काकू, इकडं बघा’ म्हणून फोटो काढायचे. माझ्या आईनं जन्मात कुणापुढं हात पसरला नव्हता. त्या फोटोत तिनं पदर तोंडावर घेतलाय.

पाटील ए-१०३: आणि पाकिटावर स्टिकर. तांदूळ कमी, स्टिकर मोठा.

जोशी सर ए-३०४: वहिनी, तुमचं म्हणणं पटतं. पण फोटो हा पुरावा असतो. आयुष्य बँकेत गेलं माझं. पैसे देणाऱ्याला ते कुठे गेले हे कळायलाच हवं. नाहीतर उद्या हेच लोक विचारतील, सचिवांनी काय केलं म्हणून.

कुलकर्णी (सचिव): विचारतीलच. विचारतातच.

फर्नांडिस काका सी-४०२: मी थोडं लांब लिहितो, चालेल ना? चष्मा लावून बसलोय.

ऋतुजा सी-३०१: लिहा काका.

फर्नांडिस काका सी-४०२: आमच्या चर्चमध्ये सेंट विन्सेंट डी पॉल यांच्या नावाचं एक मंडळ आहे. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून मी त्यात आहे. हे मंडळ काही आम्ही काढलेलं नाही, जगभर आहे. फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्यानं १८३३ साली पॅरिसमध्ये काही मित्रांना घेऊन सुरू केलं. वर्षभर आधी तिथे कॉलऱ्याची मोठी साथ येऊन गेली होती. वादसभेत कुणीतरी या मुलांना टोमणा मारला, ‘तुमच्या चर्चनं पूर्वी पुष्कळ केलं असेल, आज गरिबांसाठी तुम्ही काय करताय ते दाखवा.’ उत्तर द्यायला तोंड नव्हतं म्हणून ही पोरं उठली आणि लोकांच्या घरी जायला लागली.

पण जायचं कुणाकडे, बोलायचं काय, हे त्यांना कुठे ठाऊक? ते शिकवलं रोझाली रांदू नावाच्या सिस्टरनं. ती पॅरिसच्या अगदी गरीब वस्तीत काम करायची. तिनं घरांची यादी दिली, पावाची कुपनं दिली आणि सांगितलं, आधी बसा, ऐका.

आमची पद्धत अजून तीच आहे. दर आठवड्याला बैठक. प्रार्थना होते, मागच्या आठवड्यात कोण कुठे जाऊन आलं ते सांगायचं, खजिनदार हिशेब वाचतो. घरी जायचं ते नेहमी दोघांनी. चर्चच्या दारात बोलावून पिशवी द्यायची नाही, आपण त्यांच्या दारात जायचं. आणि कुणाच्या घरी गेलो हे बाहेर बोलायचं नाही. माझ्या बायकोलाही मी सांगत नाही. ती चिडते.

फर्नांडिस काकू सी-४०२: चिडते कारण घरातली साखर जाते आणि मला पत्ता नसतो.

पाटील ए-१०३: 😂😂

मुल्ला भाई बी-१०२: काका, दोघांनीच का? एकटा माणूस पटकन जाऊन येईल.

फर्नांडिस काका सी-४०२: एकटा गेला की हळूहळू तो त्या घराचा साहेब होतो. ‘आमचे फर्नांडिस साहेब देतात’ असं सुरू होतं. दोघं असले की देणारा मी राहत नाही, मंडळ राहतं. शिवाय एकटी बाई असेल तर तिलाही अवघड वाटत नाही. आणि खरं सांगू, एक जण बोलत असताना दुसरा घर बघतो. चूल पेटलीय का, औषधाची पट्टी रिकामी आहे का. माणूस ‘सगळं बरं आहे’ म्हणतो, घर तसं म्हणत नाही.

जोशी सर ए-३०४: काका, राग मानू नका, पण मनात आहे ते विचारतो. अशा मदतीमागे धर्मांतराचा हेतू असतो असं ऐकतो आपण. लोक उघड बोलत नाहीत, मी बोलतोय.

कुलकर्णी (सचिव): सर, हा विषय इथे नको.

फर्नांडिस काका सी-४०२: असू दे कुलकर्णी, मागे बोलण्यापेक्षा तोंडावर विचारलेलं बरं. सर, आम्ही जातो त्यातली बरीच घरं ख्रिस्ती नाहीत. ‘चर्चला या’ असं आम्ही त्यांना म्हणत नाही. म्हटलं तर ती मदत राहत नाही, सौदा होतो. हे माझं एकट्याचं मत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या परिपत्रात स्पष्ट लिहिलंय की परोपकाराचा वापर लोकांना आपल्या धर्मात ओढण्यासाठी करायचा नाही, प्रेम फुकट असतं. कुठे कुणी वेगळं वागत असेल तर त्याची वकिली मी करणार नाही. आमच्या मंडळापुरतं सांगतो. तुम्ही एकदा बरोबर या, काय बोलतो ते स्वतःच ऐका.

जोशी सर ए-३०४: ठीक. विचारल्याबद्दल गैरसमज नसावा.

शिंदे वहिनी बी-२०१: काका, मिरजेचं मिशन हॉस्पिटल तुमचंच ना? माझा धाकटा तिथलाच.

फर्नांडिस काका सी-४०२: सगळे असंच समजतात. ते डॉ. वॉनलेस यांचं, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं. १८९४ पासूनचं. ते प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक. आम्ही पुणे धर्मप्रांतात येतो, आमचे बिशप पुण्यात. पण मोठं काम झालं तिथे, आम्हालाही अभिमान वाटतो. माझं ॲपेंडिक्स तिथेच काढलं.

मुल्ला भाई बी-१०२: किटबद्दल माझं एक मत. मेडिकल चालवतो म्हणून सांगतो. २०१९ ला तांदूळ सगळीकडून येत होता, जुन्या कपड्यांचे तर रस्त्यावर ढीग पडले होते. पण लाइट गेलेली, फ्रिज बंद, घरातलं इन्शुलिन वाया. बीपीच्या गोळ्या पाण्यात गेल्या, कुणाला नाव आठवत नाही, चिठ्ठी पण वाहून गेली. ‘ती पांढरी बारकी गोळी’ म्हणून लोक येत होते. हे किटमध्ये येत नाही.

शिंदे वहिनी बी-२०१: आणि पाणी उतरल्यावर चिखल. खराटे, फिनेल, ब्लीचिंग पावडर, गमबूट. गाळ काढायला माणसं. आईच्या घरात चिखल एवढा होता की दार ढकलेना. त्या दिवशी कुणी पाच किलो तांदूळ दिला असता तर तो ठेवायला कोरडी जागा नव्हती.

पाटील ए-१०३: जनावरांचा चारा इसरू नका. आमच्या वाळव्याकडं माणसं एकवेळ उपाशी ऱ्हायली पण म्हशीला सोडून निघंनात.

ऋतुजा सी-३०१: म्हणजे किट नकोच का?

फर्नांडिस काका सी-४०२: तसं नाही गं. आधी विचारायचं, मग भरायचं. आमच्याकडे एक आजी आहेत, नाव सांगत नाही. चर्चमधून आम्ही त्यांना धान्य द्यायचो. एकदा बसलो निवांत तेव्हा कळलं, धान्य त्यांना रेशनवर मिळतंच. अडलेलं होतं संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, कागदपत्रांच्या भानगडीत. मग आमच्यातल्या एका निवृत्त क्लार्कनं तहसील कार्यालयाच्या फेऱ्या मारल्या. मंडळाचा खर्च किती, झेरॉक्स आणि रिक्षाचा. आजींना आता दरमहा पैसे येतात आणि आम्हालाच चहा पाजतात.

जोशी सर ए-३०४: हे मात्र उत्तम. असे फॉर्म मी डोळे मिटून भरेन.

पाटील ए-१०३: डोळं उघडं ठिवा सर, रिजेक्ट हुतंय.

कुलकर्णी (सचिव): मूळ प्रश्न तसाच आहे. नावं सांगायची नाहीत, फोटो नाहीत, मग हिशेब कसा द्यायचा?

फर्नांडिस काका सी-४०२: बिलं दाखवायची, माणसं नाही. आमच्या खजिनदाराकडे प्रत्येक पावती असते. ‘औषधं, एक घर, अमुक रुपये.’ घर कुठलं ते भेट देणाऱ्या दोघांना आणि बैठकीला माहीत. तुमच्या पावत्या जोशी सरांनी तपासाव्यात. त्यांच्या हातून पाच रुपये इकडचे तिकडे होणार नाहीत.

आणखी एक. आमच्या बैठकीत शेवटी एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येकानं मूठ आत घालायची. कुणी पाचशे घातले, कुणी दहा, कुणी नुसतीच मूठ घातली, कुणाला कळत नाही. पिशवी सगळ्यांपुढे येते, एवढंच. आमच्यातच एक-दोघं असे आहेत की त्यांचं स्वतःचंच भागत नाही. तेही मानानं बसतात.

ऋतुजा सी-३०१: पण काका, आता सगळं यूपीआयवर. तिथे नाव, रक्कम, वेळ सगळं दिसतं. गुप्त कसं राहणार? 😅

मुल्ला भाई बी-१०२: आणि आपल्या ग्रुपवर तर ‘५०१ पेड’ लिहिल्याशिवाय पैसे पोचत नाहीत.

पाटील ए-१०३: मी लिव्हतो. मला बघून दुसरा देतो म्हणून लिव्हतो.

फर्नांडिस काका सी-४०२: पाटील, त्यातही तथ्य आहे. मोठ्या निधीला ते चालेल. पण दर महिन्याच्या छोट्या कामाला पिशवी बरी. वॉचमनच्या केबिनमध्ये कुलूप लावलेला डबा ठेवा.

कुलकर्णी (सचिव): किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक सरांकडे. मी एकटा नाही घेणार.

शिंदे वहिनी बी-२०१: काका, तुमच्या मंडळात पुष्कळ माणसं असतील ना?

फर्नांडिस काका सी-४०२: कुठली हो. पूर आला की अख्खं धर्मग्राम, म्हणजे आमच्या चर्चची सगळी मंडळी, उठतं. २०१९ ला आमची तरुण मुलं रात्रभर पोळ्या बांधत होती, मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपली की बाकं सरकवून तिथेच काम सुरू. पण डिसेंबरात कुणाच्या मधुमेहाच्या गोळ्या आणायच्या असतात तेव्हा आम्ही चार म्हातारे. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ पासून नोव्हेंबरात ‘गरिबांचा जागतिक दिन’ सुरू केला. त्या दिवशी जेवण होतं, गर्दी होते, छान होतं. मला विचाराल तर त्या दिवसाचं मोल सोमवारी कळतं. जेवायला शेजारी बसलेल्याचं नाव दुसऱ्या दिवशी लक्षात आहे का, तेवढंच बघायचं. हे मी फादरांनाही सांगितलंय. ते हसले आणि मलाच यादी करायला लावली.

आमच्या शिकवणीत दयेची सात शारीरिक कृत्यं आहेत. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची भेट, तुरुंगातल्याची भेट आणि मेलेल्याला मूठमाती. बघा, यातल्या दोन नुसत्या भेटीच आहेत. त्याला एक रुपया लागत नाही, आणि त्यालाच माणसं मिळत नाहीत.

पाटील ए-१०३: तुरुंगातल्याची भेट? आपल्या सांगलीच्या जेलातनं तर वसंतदादांनी ४३ साली खंदकात उडी टाकली. भेटायला येणाऱ्याची वाट कोण बघतोय!

जोशी सर ए-३०४: २४ जुलै १९४३. खांद्याला गोळीही लागली होती. पण विषयावर या.

कुलकर्णी (सचिव): हो, विषयावर येऊ. नदी आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटच्या खालच्या घरांत त्याआधीच पाणी शिरतं. २०१९ ला तर ५७ फुटांच्या वर गेली होती. म्हणजे जे काही ठरवायचं ते कोयनेचे दरवाजे उघडायच्या आत. काका, आपली सोसायटी काही चर्च नाही. आपल्याला काय झेपेल ते सांगा.

फर्नांडिस काका सी-४०२: आपल्याकडे कामाला येणारी माणसं आहेतच ना? धुणंभांडीवाल्या मावशी, वॉचमन, कचरा नेणारे दादा. यातली निम्मी पूरपट्ट्यात राहतात. त्यांच्यापासून सुरू करा. पावसाच्या आधी एकदा, दोघादोघांनी त्यांच्या घरी जायचं. आपल्या दारात बोलावून विचारलं तर ‘काही नको ताई’ म्हणतील. घरी म्हातारं कोण, कायमचं औषध कुणाला, आधार आणि रेशन कार्ड प्लास्टिकमध्ये ठेवलंय का, पाणी आलं तर रात्री कुठे जाणार. एवढं कळलं तरी पुष्कळ.

शिंदे वहिनी बी-२०१: आमच्या मावशी दत्तनगरला राहतात. एवढी वर्षं येतात, मी त्यांचं घर पाहिलेलं नाही.

मुल्ला भाई बी-१०२: कायमच्या गोळ्यांची नावं मला लिहून आणा. मी दुकानात वही ठेवतो. चिठ्ठी वाहून गेली तरी वहीत नाव राहील. इन्शुलिन ठेवायला दुकानाचा फ्रिज आहे, इन्व्हर्टरवर चालतो. पण नवं औषध सुरू करायचं तर डॉक्टरांनाच विचारायचं, ते मी देणार नाही.

ऋतुजा सी-३०१: मी वहिनींबरोबर जाईन. फोन पर्समध्ये ठेवेन, प्रॉमिस.

जोशी सर ए-३०४: माझी अट एकच. प्रत्येक खर्चाची पावती आणि महिन्याला एक पान हिशेब नोटीस बोर्डावर. नावं नकोत, मान्य. पण रकमा हव्यात. आणि पहिल्या खेपेला मी फर्नांडिसांबरोबर जाणार.

फर्नांडिस काका सी-४०२: या की. रविवारी सकाळी मला मिस्सा असते, साडेनऊनंतर मोकळा. तुमची स्कूटर घ्या, माझ्या गाडीला ब्रेक नाहीत.

पाटील ए-१०३: म्या कुणाबरं जाऊ?

शिंदे वहिनी बी-२०१: कुलकर्णींबरोबर. ते लिहितील, तुम्ही बोला.

कुलकर्णी (सचिव): ठीक. ठराव असा: १८,४०० रुपये पूरपूर्व तयारीसाठी राखीव. घरभेटी झाल्याशिवाय एक रुपयाही खर्च करायचा नाही. कुणाची हरकत असेल तर उद्या रात्रीपर्यंत कळवा. गमबूट कुणाकडे जुने पडले असतील तर नंबरासह सांगा.

गायकवाड बी-३०३: माझ्याकडे दोन जोड आहेत, ८ आणि ९ नंबर. आणि सी विंगसमोर लाल गाडी कुणाची आहे? माझी निघत नाहीये.

कुलकर्णी (सचिव): गायकवाड, पार्किंगचं मला वैयक्तिक पाठवा. गमबूट लिहून घेतले.