कोरियाने एकीकरणाचा नाद सोडावा का?

वाईकर (धागाकर्ता)

डिसेंबर २०२३ मध्ये किम जोंग उनने जाहीर करून टाकलं की दक्षिण कोरिया आता भाऊबंद नाही, शत्रुराष्ट्र आहे. महिनाभरात प्याँगयांगमधली एकीकरणाची भलीमोठी कमान पाडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सीमेकडे जाणारे रस्ते आणि रूळ सुरुंग लावून उडवले. त्याच सुमारास दक्षिणेत इम जोंग-सोक म्हणाले, एकीकरण राहू द्या, दोन देश म्हणून शांततेत राहू. हे गृहस्थ विद्यार्थी नेते असताना एकीकरणाच्या चळवळीपायी तुरुंगात गेलेले, पुढे राष्ट्राध्यक्ष मून यांच्या कार्यालयाचे प्रमुख. त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीकेची झोड उठली. माझ्या मते माणूस बरोबर बोलला.

फाळणी अन्यायकारक होती, यात वादच नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये दोन अमेरिकी कर्नलांनी नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा समोर ठेवून अर्ध्या तासात ३८ अंशांवर रेघ मारली. रशियाने मान डोलावली. कोरियन माणसाला कुणी विचारलंही नाही. पण अन्याय झाला म्हणून तो उलटा फिरवता येतोच असं नाही. जर्मनीत एका पूर्वेकडच्या माणसामागे चार पश्चिमेकडचे होते. इथे उत्तरेच्या एकामागे दक्षिणेचे जेमतेम दोन, आणि उत्तरेचं दरडोई उत्पन्न, बँक ऑफ कोरियाच्या अंदाजाने, दक्षिणेच्या तिसाव्या हिश्शाच्या आसपास. पूर्व जर्मन निदान पश्चिमेचा टीव्ही बघायचे. इथे साधं पोस्टकार्ड जात नाही. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिला आइस हॉकीच्या संघात उत्तरेच्या १२ खेळाडू घेतल्या, तर दक्षिणेतली तरुण मंडळी भडकली की आमच्या मुलींची संधी गेली. तिथे एक संघ पचला नाही, देश कसा पचणार?

कृष्णाकाठ

सपशेल असहमत. दक्षिणेच्या घटनेचं कलम ३ वाचा. सगळा द्वीपकल्प आमचा प्रदेश, असं ते म्हणतं. ऐकायला पोकळ बढाई वाटते. पण त्याच्याच जोरावर उत्तरेतून पळून आलेला माणूस सोलमध्ये निर्वासित ठरत नाही, जन्मापासूनचा नागरिक ठरतो. असे ३४ हजारांच्या आसपास लोक आजवर आले. चीन आजही वाटेत सापडलेल्यांना परत उत्तरेच्या हवाली करतो. तुमचे दोन देश झाले की अशा सापडलेल्या एखाद्या बाईसाठी बीजिंगमध्ये दक्षिणेचा राजदूत कोणत्या नात्याने भांडणार?

वाईकर

भांडेल की. १९७२ च्या करारात पश्चिम जर्मनीने पूर्वेशी दोन सरकारं म्हणून व्यवहार मान्य केला, पण नागरिकत्व एकच ठेवलं. पूर्वेचा माणूस आला की पासपोर्ट मिळत होता.

कृष्णाकाठ

म्हणजे जर्मनीने नाद सोडलाच नाही! करारानंतर पुढच्याच वर्षी त्यांच्या घटना न्यायालयाने बजावलं की एकीकरणाचं उद्दिष्ट सरकारला टाकून देता येणार नाही. उदाहरण तुमचं, कामी आलं माझ्या. धन्यवाद.

नाना_बारामतीकर

आपली फाळणी झाली, आपण राहतोच ना दोन देश म्हणून? एवढं काय त्यात.

शंकासूर

नाना, आपल्याकडे फाळणी मागणारा एक मोठा पक्ष तरी होता. कोरियात वेगळं व्हायची मागणी घेऊन कोण उभं होतं? उलट मे १९४८ ची फक्त दक्षिणेपुरती निवडणूक नको म्हणून जेजू बेटावर उठाव झाला. तो चिरडताना आणि पुढच्या काही वर्षांत २५ ते ३० हजार माणसं मेल्याचा अंदाज आहे, बेटाच्या लोकसंख्येचा दहावा भाग. (ती निवडणूक बघायला आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष आपले के. पी. एस. मेनन होते.)

मुख्य मुद्द्यावर मी वाईकरांच्या बाजूने, पण कारण वेगळं. दोन्ही सरकारं वर्षानुवर्षं 'अख्खा देश आमचा' म्हणत आली, म्हणून दोन्हीकडे घरातला विरोधक आपोआप फितूर ठरतो. उत्तरेत तो कैद्यांच्या छावणीत जातो. दक्षिणेत १९४८ चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा अजून जिवंत आहे. काका कोरियन युद्धात उत्तरेला गेला म्हणून पुतण्याला सरकारी नोकरी नाही, हा प्रकार तिथे १९८० पर्यंत राजरोस चालला. आणि ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री दक्षिणेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यून यांनी लष्करी कायदा पुकारला तेव्हा कारण काय दिलं? 'उत्तरधार्जिण्या देशविरोधी शक्ती'. काही तासांत संसदेने तो हाणून पाडला, पुढे यून यांची खुर्चीही गेली. पण पंचाहत्तर वर्षांनी तेच शस्त्र बाहेर काढावंसं वाटतं, हे बघा.

सुवनची_माई

आम्ही इथे दक्षिणेत राहतो, नवऱ्याच्या नोकरीमुळे. तुम्ही सगळे कलमांवर बोलताय, म्हणून जरा नकाशाकडे या. केसाँग हे शहर ३८ च्या खाली, म्हणजे युद्धाआधी दक्षिणेत होतं. आज ते उत्तरेत आहे. पूर्व किनाऱ्यावरचं सोकचो ३८ च्या वर, म्हणजे आधी उत्तरेत. आज दक्षिणेत. युद्धात रेघ सरकली आणि तिच्याबरोबर माणसांचे देश बदलले.

सोकचोला अबाई नावाची वस्ती आहे. उत्तरेतल्या हामग्याँग प्रांतातून युद्धात पळून आलेले लोक इथे वाळूवरच झोपड्या घालून राहिले. लढाई थांबली की लगेच परत जायचं, मग सरहद्दीजवळच थांबू, हा हिशेब. खाडी ओलांडायला तिथे सपाट तराफा आहे. लोखंडी तार एका काठापासून दुसऱ्यापर्यंत ताणलेली, हातात आकडा घ्यायचा, तारेत अडकवायचा आणि मागे मागे चालत ओढायचं. पर्यटकही हौसेने ओढतात. पलीकडे भरलेला माखूळ आणि हामहुंगच्या थंडगार शेवया. पहिली पिढी आता जवळपास संपली, चव तेवढी धंद्यात राहिली.

ताटातूट झालेल्या कुटुंबांची नोंद दक्षिणेत १ लाख ३० हजारांच्या वर गेली होती. त्यातले बहुतेक वारले. २००० ते २०१८ मध्ये २१ वेळा भेटी घडवल्या, त्याही सोडत काढून. नंबर लागला तर तीन दिवसांत मिळून दहा-बारा तास, तेही बरेचसे सगळ्यांसमोर, हॉलमध्ये. मग बस सुटते. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही. माझं म्हणणं, एकीकरण करा नाहीतर खड्ड्यात घाला, आधी या म्हाताऱ्यांची पत्रं जाऊ द्या. १८ महिने सक्तीची फौजेतली नोकरी करणाऱ्या इथल्या पोरांना एकीकरणाचं विचारलं तर ती खांदे उडवतात, आणि मला त्यांचा राग येत नाही.

निवृत्त_सुभेदार

धाग्याशी थोडं अवांतर. १९५३ च्या युद्धबंदीनंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा ताबा भारतीय तुकडीकडे होता. तिचे प्रमुख आपले मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूरकडचे. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष आपलेच जनरल थिमय्या. दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री भारतावर इतके खवळलेले की आमच्या जवानांचे पाय आपल्या भूमीला लागू देईनात. शेवटी बोटीवरून थेट हेलिकॉप्टरने सीमेच्या पट्ट्यात उतरवलं. त्या कैद्यांपैकी ८८ जणांनी उत्तरही नको, दक्षिणही नको, चीनही नको म्हटलं. ते आपल्या तुकडीबरोबर भारतात आले, पुढे बरेच ब्राझील-अर्जेंटिनाला गेले. दोन्ही सरकारांना एकदम नाकारणारे तेव्हाही होते, एवढंच सांगायचंय.

कृष्णाकाठ

माई, पत्रांबद्दल पूर्ण सहमत. पण पत्रं अडवतंय कोण? प्याँगयांग. आणि 'आता आपण परके' ही भाषाही तिथूनच आलीय. दक्षिणेची मालिका बघितली म्हणून शिक्षा करायची तर आधी दक्षिणेला परकं ठरवावं लागतं. वाईकर आणि शंकासूर नकळत किमच्या घोषणेवर अंगठा उठवतायत.

आणखी एक. उद्या उत्तरेतली सत्ता कोसळली आणि चिनी फौज याल्यू नदी ओलांडून आत आली, तर कलम ३ काढून टाकलेल्या दक्षिणेने कोणत्या हक्काने अडवायचं?

वाईकर

फौजेच्या जोरावर आणि अमेरिकेच्या पाठबळावर, आज अडवेल तसंच. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य तीच नदी ओलांडून आलं. दक्षिणेची घटना तेव्हाही होती आणि तिच्यातही सगळा द्वीपकल्प आपलाच लिहिला होता. चिनी कुठल्या कलमापाशी थांबले ते सांगा.