बचत गट, कर्ज आणि दावणीचं जनावर

बचत गटात जुनं कर्ज फेडायला नवं काढावं लागतं, अशी तक्रार नेहमी ऐकू येते, ती खोटी नाही. पण सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात मूळ दुखणं चाऱ्याचं आहे. पाऊस दगा देतो, गाय मिळेल त्या भावात बाजारात जाते आणि दुधाचा रोजचा पैसा तुटतो. मग हप्ता कुठून भरायचा? म्हणून मला वाटतं, बायांना कमाईसाठी शिलाई मशीन वाटण्याच्या आधी दावणीचं जनावर टिकवायला हवं. २०१२ च्या दुष्काळात याच तालुक्यातल्या म्हसवडला माणदेशी फाउंडेशन या गावाकडच्या बायांसाठी काम करणाऱ्या संस्थेने चारा छावणी उघडली, तेव्हा बायाबापड्या पोराबाळांसकट जनावरांपाशीच राहिल्या. वैरण, पाणी, शेण काढणं, धारा काढणं, सगळं तिथंच. गाय विकायची वेळच अनेकींवर आली नाही. गटांच्या हिशेबात ही वाचलेली गाय कुठंच दिसत नाही.