विषय: टोम्टेची खीर, लोणी आणि दारापुढची पावलं

नमस्कार मंडळी,
यंदा स्टॉकहोमच्या बालमेळाव्यात स्वीडिश टोम्टे, म्हणजे लोककथेतला घर-गोठा राखणारा बुटका, आणायचा आहे. वीस मुलं येतील. खिरीचं प्रमाण आणि पोशाख जाणकारांनी कळवावा. लाल झगा चालेल ना?
— बालविभाग

---

ताई,
लाल झगा नको. कोकण-गोव्याकडच्यांना टोम्टे एका शब्दात कळेल: राखणदार. तो गोठ्यात राहतो, गुरांची काळजी घेतो आणि सहसा कुणाच्या नजरेला पडत नाही. उंची लहान मुलाएवढी, कपडे राखाडी लोकरीचे, लाल फक्त टोपी. १८८१ मध्ये विक्टर रीडबेरी यांच्या टोम्टेवरच्या कवितेला येनी न्युस्ट्रम यांनी चित्रं काढली. पुढे त्यांच्या नाताळकार्डांतून हेच रूप घरोघर गेलं. जुनं राखाडी घोंगडं आणि लाल टोपी एवढ्यात काम होतं.

गोष्ट मात्र लोण्याचीच सांगा. नाताळच्या आदल्या रात्री गोठ्यात टोम्टेसाठी वाडगाभर खीर ठेवायची, वर लोणी. एका मुलीने लोणी तळाशी लपवलं. वर लोणी दिसेना, म्हणून टोम्टेने रागाने गाय मारून टाकली. मग खाता खाता तळाशी लोणी लागलं आणि तो खजील झाला. रातोरात शेजारच्या गावातून तशीच गाय आणून बांधली. मुलं घाबरतील म्हणून गायीचा भाग गाळू नका. त्याचा पश्चात्ताप मुलांना आत कुठेतरी लागतो, आणि नंतर खिरीवरचं लोणी ती डोळे मोठे करून बघतात.

खिरीचं प्रमाण: आखूड दाण्याचा, इथे खिरीसाठी मिळतो तो तांदूळ ६ डेसिलिटर (१ डेसिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर), पाणी १२ डेसिलिटर, पूर्ण मलईचं दूध २.८ लिटर, मीठ दोन चमचे, लोणी चार मोठे चमचे, दालचिनीचे दोन तुकडे. बासमती मोकळा राहतो, खीर मिळून येत नाही. आंबेमोहोर चालेल. पातेलं जाड बुडाचं, सात लिटरचं घ्या.

तांदूळ आधी मीठ-लोणी घातलेल्या पाण्यात, पाणी आटेपर्यंत शिजवा. थेट दुधात टाकलात तर शीत शिजेपर्यंत दूध तळाला लागतं. मग दूध आणि दालचिनी घालून ढवळत उकळी आणा, दहा मिनिटं मंद ठेवा, झाकण घट्ट लावून पातेलं वर्तमानपत्रात आणि जाड गोधडीत गुंडाळा. दोन तास उघडू नका. ढवळायचं नाही, करपायचं नाही, हॉलवर गरमच पोचते. साखर आत घालू नका, वाढल्यावर दालचिनी पुडीसोबत वरून. मधोमध लोण्याचा तुकडा हवाच. नॉर्वेत त्याला 'लोण्याचा डोळा' म्हणतात.

खिरीत एक अख्खा बदाम टाकतात. ज्याला मिळेल त्याचं येत्या वर्षात लग्न, असं स्वीडनमध्ये मानतात. लहानग्यांच्या घशात अडकू शकतो, ॲलर्जीही असते. त्यापेक्षा एका वाडग्याच्या बुडाला बाहेरून लाल टिकली चिकटवा.
— स्वयंपाक समिती

---

काका, प्रमाण उत्तम. टोम्टे येऊन गेल्याची खूण म्हणून दारापुढे उमटवायच्या पावलांचं मी सांगते.
बर्फ असेल तर मुठीची करंगळीकडची कड दाबायची, मग बोटाच्या टोकाने पाच ठिपके, अंगठ्याचा सर्वांत मोठा. आलटून पालटून डावी-उजवी मूठ. आठ-नऊ सेंटिमीटरचं इवलं पाऊल उमटतं. स्टॉकहोममध्ये नाताळात पुष्कळदा बर्फ नसतोच, तेव्हा गडद पायपुसण्यावर पुठ्ठ्यात कापलेल्या पावलाच्या भोकातून कणीक चाळणीने भुरभुरवा. ओल्या पायपुसण्यावर कणकेचा लगदा होतो, कोरडंच घ्या.

डिसेंबरात पावणेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून मेळावा तीनला ठेवा. दिवे मालवून गोष्ट सांगायला काळोख आपोआप मिळेल. बॅटरीचे दिवे वापरा, खऱ्या मेणबत्त्या नाताळच्या सजावटीतल्या गवताच्या बोकडाजवळ नकोत.

वाडगा लाकडी हवा. कडाक्याच्या थंडीत गरम खिरीने काच तडकते. घरी बाल्कनीत ठेवलात तर रात्रभर राहू देऊ नका, उंदीर येतात. मुलं झोपली की अर्ध्याहून जास्त खीर काढून घ्या आणि वाडगा उंबऱ्याच्या आत ठेवा. धुऊ नका. लोण्याचा एवढासा वण आणि कडेला चिकटलेलं एखादं शीत राहू द्या, सकाळी मुलं आधी तिथेच बघतात.